पट्टीवरचे आकडे आणि पॅनलची चावी

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि ‘म्हणजे कसं आहे ना’ यातले निम्मे काढून टाकलेत. उरलेले निम्मे चालवून घ्या.)

आजचा भाग एका चावीपासून सुरू करतो.

सीएनसी मशीन ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ही चावी माहीत असेल. मशीनच्या पॅनलवर एक छोटं कुलूप असतं, सायकलच्या कुलपाएवढं. चावी एका बाजूला फिरवली की मशीनमधला प्रोग्राम बदलता येतो. दुसऱ्या बाजूला फिरवून काढून घेतली की येत नाही. मग समोर उभा असलेला माणूस प्रोग्राम चालवू शकतो, थांबवू शकतो, नॉब फिरवून वेग कमीजास्त करू शकतो, पण आतला एक आकडासुद्धा त्याला बदलता येत नाही.

भोसरीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी २००६ साली प्रोग्रामर म्हणून लागलो, तिथे ही चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असायची. त्या चावीमुळे, आणि खरं सांगायचं तर माझ्या आगाऊपणामुळे, एकदा एक महागडा कटर फुटला. तो किस्सा शेवटी सांगतो. पण नंतर मला प्रश्न पडला, की हे कुलूप मुळात आलं कुठून? धातू कापणाऱ्या माणसाला धातू कापण्याच्या सूचनेपासून लांब ठेवायचं, हे कुणी आणि का ठरवलं? ते शोधत शोधत मी मागे गेलो आणि पोचलो थेट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात.

तिथे ट्रॅव्हर्स सिटी नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवत होते, सिकॉर्स्की कंपनीसाठी. हेलिकॉप्टरच्या पात्याचा आडवा छेद घेतला तर तो विमानाच्या पंखासारखा असतो. पुढून गोलसर, मागे निमुळता. हा वक्र बरोबर हवा, नाहीतर पातं हवेत थरथरतं. तो बरोबर आला की नाही हे तपासायला पत्र्याचे फर्मे, म्हणजे टेम्प्लेट लागायचे. आणि फर्मा बनवायचा कसा? ड्रॉइंगवर सतरा बिंदू दिलेले असायचे. ते जोडून ड्राफ्ट्समन हाताने वक्र काढणार आणि त्या रेषेवरून कारागीर कापणार. सतरा बिंदूंच्या मधे जे काही येईल ते ड्राफ्ट्समनच्या मनगटाच्या भरवशावर.

पार्सन्सकडे १९४६ च्या सुमारास फ्रँक स्टुलेन नावाचे इंजिनिअर आले. स्टुलेनना भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या आयबीएमच्या हिशेबयंत्रांवर ताणाची गणितं करून घ्यायची होती. ही यंत्रं मुळात पगारपत्रकं आणि जमाखर्चासाठी. पार्सन्सनी ते पाहिलं आणि विचारलं, की हे यंत्र मला सतराच्या जागी दोनशे बिंदू काढून देईल का? यंत्राने दिले.

आता दोनशे बिंदू आले, म्हणजे दोनशे जोड्या आकड्यांच्या. त्या मिलिंग मशीनवर न्यायच्या कशा? पार्सन्सनी केलं ते असं: मशीनला दोन हँडल असतात, एक आडव्या दिशेचं, एक उभ्या. प्रत्येक हँडलवर एक माणूस उभा केला. तिसऱ्याच्या हातात आकड्यांचा कागद दिला. तो आकडे मोठ्याने वाचणार, हे दोघं हँडल तिथपर्यंत फिरवणार, कटर तिथे खाली उतरणार. पुढचा आकडा. पुन्हा फिरवा. शेवटी मधे राहिलेले बारीक कंगोरे कानशीने घासून काढायचे.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा, मंडळी. एक वाचतोय, दोघं ऐकतायत. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो, एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या त्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकापेक्षाही. कारण आकडा जाणणारा वेगळा आणि हँडल फिरवणारा वेगळा, ही वाटणी इथे झाली. तीसुद्धा कॉम्प्युटर यायच्या आधी. हँडलवरच्या दोघांनी कदाचित वीस वर्षं मशीनवर काढली असतील. पण त्या कामात त्यांना काय ठाऊक आहे याची कुणाला गरज नव्हती. फक्त ऐकू यायला हवं होतं.

यानंतर त्या दोघांच्या जागी मोटर बसवायच्या आणि वाचणाऱ्याच्या जागी भोकं पाडलेलं कार्ड, हे कुणालाही सुचलं असतं असं आज वाटतं. सुचलं पार्सन्सना. अमेरिकन हवाई दलाला त्या वेळी जेट विमानांसाठी अखंड धातूतून कोरलेले पंखांचे पत्रे हवे होते. असं काम हाताने करणं जवळजवळ अशक्य. १९४९ मध्ये हवाई दलाने पार्सन्सना कंत्राट दिलं. मोटरींचं नियंत्रण त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून ते मदतीला एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीकडे गेले. आणि मग आपल्याकडे भाड्याने खोली दिली की जे होतं तेच झालं. लॅबने योजना वाढवत नेली, कार्डांच्या जागी कागदी पट्टी आणली, आणि काही काळाने हवाई दल थेट एमआयटीशीच व्यवहार करू लागलं. पार्सन्स बाजूला पडले.

सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने ते मशीन जगाला दाखवलं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल नावाचं मिलिंग मशीन, तीन अक्षांवर एकाच वेळी चालणारं. शेजारी कपाटंच्या कपाटं भरून व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले. कागदी पट्टी सरकत जाणार, तिच्यातली भोकं वाचली जाणार आणि कटर हलणार. पार्सन्सनी त्याच वर्षी आपला पेटंटचा अर्ज दाखल केला होता. तो १९५८ मध्ये मंजूर झाला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिलं जाणारं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक पार्सन्स आणि स्टुलेन दोघांनाही मिळालं, म्हणजे उशिरा का होईना, खोली मूळ मालकाच्या नावावर लागली.

ती कागदी पट्टी आज कुठेच दिसत नाही. पण ज्यांनी फॅनक कंट्रोलवर काम केलंय त्यांनी एक गोष्ट आठवून बघा. आपला प्रोग्राम टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतो आणि टक्क्यानेच संपतो. कशाचे टक्के? कसलेच नाहीत. ती पट्टीवरची खूण आहे: मागे गुंडाळताना इथे थांबायचं. आणि शेवटचा एम३० म्हणजे प्रोग्राम संपला, पट्टी गुंडाळा. मी क्लासमध्ये हे विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले, ‘असतं ते, लिहायचं.’ पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम चढवताना आपण अजून पट्टी गुंडाळतोय.

बरं, मशीन झालं. पण ते कुणी विकत घेईना. महाग तर होतंच, पण खरी अडचण पट्टी बनवण्याची होती. एका वक्रासाठी शेकडो छोट्या सरळ चाली काढायच्या आणि प्रत्येक वेळी कटरची त्रिज्या बाजूला सोडायची, कारण धातू कापते ती कटरची कड आणि आकडे असतात त्याच्या मध्याचे. काही मिनिटांच्या कापण्यासाठी तासन्‌तास गणित. शेवटी हवाई दलानेच शंभराहून जास्त मशीन विकत घेऊन विमान कंपन्यांच्या कारखान्यांत बसवली. तेव्हा कुठे हे तंत्र जगलं. बाजारात टिकलं म्हणून ते आलं असं जे आपण समजतो, ते तितकंसं खरं नाही.

आणि गणिताची अडचण सोडवायला आली ती आपल्या कॅम सॉफ्टवेअरची आजी. तिचं नाव एपीटी. एमआयटीत डग्लस रॉस नावाच्या तरुण गणितज्ञाने १९५६ पासून तिच्यावर काम सुरू केलं. रॉसची युक्ती साधी आणि फार हुशार होती. आधी आकार सांगायचा: ही रेषा, हे वर्तुळ, ही पातळी. मग कटरला रस्ता सांगायचा, जवळजवळ रिक्षावाल्याला सांगतो तसा: इथून निघ, त्या रेषेपर्यंत जा, डावीकडे वळ, रेषा उजव्या हाताला ठेवून वर्तुळापर्यंत चल. मधले आकडे कॉम्प्युटर काढेल. फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्रकारांना बोलावून हे दाखवलं, आणि आठवण म्हणून प्रत्येकाला एपीटीने कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲश-ट्रे दिला. त्या काळी अशा भेटीला कुणी नाकं मुरडत नसत.

एपीटीत रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक वाटणी आजही जशीच्या तशी आहे. कॉम्प्युटर आधी कुठल्याही मशीनच्या भाषेत नसलेला, फक्त ‘कटर कुठे कुठे जाईल’ एवढाच मार्ग काढतो. मग दुसरा एक प्रोग्राम तो मार्ग त्या त्या मशीनच्या बोलीत उतरवतो. त्याला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात. मी शिकायला लागलो तेव्हा मला वाटायचं, स्क्रीनवर रंगीत टूलपाथ आला की काम संपलं. मग कळलं, तोच टूलपाथ फॅनकला एका बोलीत द्यावा लागतो आणि सीमेन्सला दुसऱ्या. कोल्हापूर आणि नागपूरसारखं. भाषा एकच, पण चुकीच्या ठिकाणी चुकीचा शब्द वापरलात तर गोंधळ.

आता चावीकडे वळतो, कारण इथे इतिहासात एक दुसरा रस्ता होता आणि तो बंद झाला.

एमआयटीच्याही आधी, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत वेगळाच प्रयोग झाला होता. त्याचं नाव रेकॉर्ड-प्लेबॅक. कल्पना अशी: कुशल कारागिराने पहिला जॉब हाताने करायचा. तो करत असताना मशीनच्या सगळ्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदवायच्या. मग टेप लावली की मशीन तेच पुन्हा करणार. म्हणजे प्रोग्रामर कोण? तोच कारागीर. त्याचा हात हाच प्रोग्राम.

त्या वेळी जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीमधल्या जनसंपर्क विभागात एक तरुण लेखक नोकरी करत होता, कर्ट व्हॉनेगट. आपोआप चालणारं मिलिंग मशीन त्याने तिथे पाहिलं आणि त्यातून त्याची पहिली कादंबरी आली, ‘प्लेअर पियानो’. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा एक म्हातारा कारागीर आहे. त्याच्या हाताच्या हालचाली टेपवर उतरवून घेतल्या आहेत. आता ती टेप कितीतरी मशीन चालवते आणि रूडीला काम नाही. आणि त्याला त्याचा अभिमान आहे! आपली निवड झाली होती याचा. कादंबरी आली १९५२ मध्ये, एमआयटीच्या प्रात्यक्षिकाच्याच वर्षी.

डेव्हिड नोबल नावाचे इतिहासकार एमआयटीतच शिकवत होते. त्यांनी १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रेकॉर्ड-प्लेबॅक मागे पडलं ते फक्त तांत्रिक कारणांनी नाही. त्यात ज्ञान कामगाराच्या हातातच राहत होतं आणि व्यवस्थापनाला ते नको होतं. आकड्यांच्या पट्टीत ज्ञान ऑफिसात लिहिलं जातं आणि खाली फक्त आज्ञा येते. लष्कराला आणि मालकांना हे सोयीचं, म्हणून हा रस्ता निवडला गेला.

मी हे पुस्तक वाचलं तेव्हा चार रात्री झोप नीट लागली नाही. आणि तरीही मी नोबलशी पूर्ण सहमत नाही. रेकॉर्ड-प्लेबॅक नोंदवणार काय, तर हाताने होऊ शकतं तेच. पण हवाई दलाला जो पंख हवा होता तो कुठल्याच हाताने होत नव्हता. पार्सन्सच्या पात्याचा प्रश्नही गणिताचाच होता, कामगारांना धडा शिकवण्याचा नव्हता. शिवाय टेपवर कारागिराची चूकही उतरते. जॉब दोन मिलिमीटरने बदलला तर टेप फेकून पुन्हा सगळं करा. ज्याने एकदा तरी ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आल्यावर प्रोग्राम दुरुस्त केलाय, त्याला याचा अर्थ कळेल.

पण नोबलचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. आकडे ऑफिसात काढले जातात इथपर्यंत गणित आहे. ते खालच्या माणसाला बदलता येऊ नयेत, हे गणित नाही. ते कुलूप आहे.

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो बराचसा बाजाराचा आहे. १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले, पट्टीच्या जागी मशीनमध्येच स्मरणशक्ती आली आणि एनसीचं सीएनसी झालं. जपानमध्ये फुजित्सूतून १९७२ साली फॅनक वेगळी झाली. फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यांचे वक्र गणितात बसवले. दासो कंपनीत कॅटिया तयार झालं. १९८३ मध्ये मास्टरकॅम बनवणारी कंपनी सुरू झाली आणि हळूहळू हे सॉफ्टवेअर साध्या पीसीवर आलं. मोठ्या विमान कंपनीच्या हातातली गोष्ट दहा बाय बाराच्या गाळ्यात येऊन बसली. आपल्या लोकांचाही यात हात आहे. कॅमवर्क्स हे सॉफ्टवेअर गोदरेज समूहातल्या जिओमेट्रिक कंपनीने वर्षानुवर्षं सांभाळलं, वाढवलं. पुढे ते एचसीएलकडे गेलं. ते मॉडेलमधलं भोक, खिसा, खाच स्वतः ओळखतं आणि आपल्या साठवणीतून टूल आणि वेग सुचवतं. त्या साठवणीत आपल्या शॉपची पद्धत भरता येते. भरली तर. बहुतेक ठिकाणी कुणी भरत नाही.

आता माझा किस्सा.

पिंपरीतल्या एका क्लासमध्ये मी तीन महिने सॉफ्टवेअर शिकलो होतो. क्लासमधली कॉपी कुठून आली होती ते विचारू नका. मला टूलपाथ छान यायचे. एसी केबिनमध्ये बसायचो आणि खाली व्हीएमसीवर एक काका सेटर होते. शाळा सातवीपर्यंत. साध्या मिलिंगवर हात बसलेला, आवाज ऐकून इन्सर्ट गेलाय की नाही ते सांगायचे. मी त्यांना ‘काका’ म्हणायचो आणि ते मला ‘साहेब’. वयाने मी त्यांच्या मुलापेक्षा लहान. तो ‘साहेब’ मला तेव्हा आवडायचा, हे कबूल करतो.

एक नवीन कास्टिंग आलं होतं. काका आदल्या दिवशी वर आले, दारातच उभे राहून म्हणाले, ‘साहेब, या कास्टिंगला गेटचा खुंट राहतोय एका कडेला. फाउंड्रीवाले नीट तोडत नाहीत. वरून जाताना जरा उंच घ्या.’ मी मॉडेल फिरवून दाखवलं. स्क्रीनवर खुंट नव्हता. सिम्युलेशन हिरवं होतं. कटर कच्च्या मालाच्या वर दोन मिलिमीटरवरून रॅपिडने जात होता, म्हणजे पूर्ण वेगाने, न कापता. म्हटलं, ‘काका, सॉफ्टवेअरने तपासलंय.’ काही न बोलता ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी पहिला जॉब लावला. खुंट चार-पाच मिलिमीटर वर होता. काकांना तो दिसत होता. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलायचा होता, दोनचा दहा. त्यांना तो आकडा कुठल्या ओळीत आहे हेसुद्धा ठाऊक होतं. पण चावी ड्रॉवरमध्ये होती आणि सुपरवायझर कस्टमरकडे. डिस्पॅचची घाई होती आणि वरून मीच निरोप दिला होता की चालू करा.

त्यांनी चालू केलं. पण रॅपिडचा नॉब पंचवीस टक्क्यांवर आणून, अंगठा फीड होल्डवर ठेवून. मी नंतर जाऊन पाहिलं तेव्हा नॉब तिथेच होता. कटर खुंटाला भिडला, काकांनी थांबवलं. सगळे इन्सर्ट फुटले, कटरची बॉडी एका बाजूने चेपली. जॉब स्क्रॅप. स्पिंडल मात्र वाचला. शंभर टक्क्यांवर असता तर वाचला नसता आणि मशीन कित्येक दिवस उभं राहिलं असतं.

आवाज वरपर्यंत आला होता. मी जिना उतरून गेलो. काका कटर काढत होते. म्हणाले, ‘साहेब, तुमचं बरोबर होतं. कॉम्प्युटरमध्ये खुंट नव्हताच.’

त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. नोंदवहीत कारण लिहायचं होतं. सुपरवायझर संध्याकाळी आले आणि त्यांनी ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहायला सांगितलं. कारण तो रकाना छापीलच होता. प्रोग्रामरचा रकाना नव्हता. मी लिहिलं. सही काकांनी केली.

हे मी या आधी कधी जाहीरपणे सांगितलेलं नाही. मालकांना मी खरं कारण सांगितलं, पण ते तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत काकांच्या त्या महिन्याच्या बोनसमधून पैसे कापून झाले होते. मालक काही वेळ गप्प बसले. ते पैसे पुढच्या पगारात परत दिले. नोंदवहीतली ओळ तशीच राहिली.

चावीचं काय झालं, तर ती खाली आली. मशीनमध्येच लावलेली राहू लागली, दिवसरात्र. पहिल्या दोन महिन्यांत प्रोग्राममध्ये चार बदल झाले, चारही काकांनी केलेले आणि चारही मला वर येऊन सांगितलेले. त्यातले तीन मी माझ्या मूळ फाइलमध्ये घेतले. चौथा त्यांचा चुकला होता, ते त्यांनी मान्य केलं. कच्चा माल आला की मी कॅलिपर घेऊन खाली जायला लागलो आणि स्टॉकचं मॉडेल ड्रॉइंगवरून नाही, प्रत्यक्ष कास्टिंगवरून बनवायला लागलो. फॅनकच्या प्रोग्राममध्ये कंसात शेरा लिहिता येतो, मशीन तो वाचत नाही, माणूस वाचतो. त्या कास्टिंगच्या प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीत मी गेटच्या खुंटाचा शेरा टाकला.

काका २०१४ साली निवृत्त झाले. मी ते वर्कशॉप सोडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत तिथे गेलो होतो. तोच जॉब अजून चालतोय, मशीन नवीन आहे. नव्या पोराने स्क्रीनवर प्रोग्राम उघडून दाखवला. वर टक्क्याचं चिन्ह, खाली प्रोग्रामचा नंबर आणि त्याच्याखाली तो खुंटाचा शेरा. पोरगा म्हणाला, ‘सर, हे काय असतं कुणालाच माहीत नाही. पण काढायचं नाही असं सांगितलंय.’

फाउंड्री बदलली आहे. आता खुंट राहत नाही. रिट्रॅक्टची उंची अजून दहाच आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर, तुमच्या शॉपमध्ये ती चावी कुणाकडे असते, ते मला कळवा.